हाफ-नॉर्मल प्लॉट: काही महिन्यांच्या वापरानंतर

प्रयोगातल्या कोणत्या घटकांचा निकालावर खरंच परिणाम होतो, ते हाफ-नॉर्मल प्लॉट हा आलेख दाखवतो. प्रत्येक घटक कमी-जास्त अशा दोनच पातळ्यांवर ठेवलेल्या, रिपीट रन नसलेल्या १६-३२ रनच्या (रन म्हणजे एक चाचणी) प्रयोगांसाठी तो काही महिने सतत वापरतोय. मत ठाम आहे: तो खालून वर वाचावा. बहुतेक जण उजवीकडे सुटलेले दोन-तीन मोठे इफेक्ट (एका घटकाने किंवा काही घटकांनी मिळून सरासरी निकालात पाडलेला फरक) टिपतात आणि फाइल बंद करतात. प्रयोग बिघडला असेल तर ते कळतं शून्याजवळच्या ठिपक्यांवरून.

कृती एक्सेलमध्येही जमते. १६ रनमधून १५ इफेक्ट निघतात. अधिक-उणे चिन्हं वगळून ते चढत्या क्रमाने लावा. क्रमांकातून ०.५ वजा करून १५ ने भागा, त्याची निम्मी संख्या ०.५ मध्ये मिळवा आणि तेवढ्या संभाव्यतेचा झेड (प्रमाण नॉर्मल वितरणातलं मूल्य) काढा. आडव्या अक्षावर इफेक्ट, उभ्या अक्षावर झेड. निष्क्रिय इफेक्ट (ज्यांत फक्त योगायोगाची चढउतार असते) शून्यातून जाणाऱ्या सरळ रेषेवर बसतात.

आता खरी गंमत. १६ पैकी एका रनचं रीडिंग २४ ने जास्त नोंदलं गेलं, तर प्रत्येक इफेक्ट २४/८ म्हणजे ३ ने वर किंवा खाली सरकतो. शून्याजवळची जागा रिकामी पडते, रेषा शून्यातून जात नाही. अशा वेळी चिन्हं परत घ्या आणि लहान इफेक्टची चिन्हं डिझाइनच्या (प्रत्येक रनसाठी अधिक-उणे चिन्हांची एक ओळ असलेल्या तक्त्याच्या) ओळींशी ताडून पाहा. ज्या ओळीशी ती जुळतात (किंवा सगळी उलटी येतात) तो रन संशयित. आधी लॉगशीट तपासा, मगच आकडा बदला. संख्याशास्त्रज्ञ कथबर्ट डॅनियल यांनी १९५९ मध्ये मांडलेल्या या पद्धतीचं हे बळ मला कुठल्याही अनोव्हा (विचरण विश्लेषण) टेबलापेक्षा मोठं वाटतं.

दुसरा घोळ भट्टीत केलेल्या प्रयोगांचा. तिथे तापमान दर रनला बदलत नाही, दर लोडला (भट्टीच्या एका खेपेला) बदलतं. समजा ८ लोड, प्रत्येकात दोन नमुने. मग लोडमधल्या फरकाचे ७ इफेक्ट जास्त हलतात, उरलेले ८ कमी. सगळे एकाच आलेखात टाकले की रेषा मध्येच वाकते आणि तापमान उगाच महत्त्वाचं ठरतं. दोन वेगळे आलेख काढा.

कुठल्या आकाराच्या पुढचा इफेक्ट सक्रिय मानायचा, त्या सीमारेषेसाठी संख्याशास्त्रज्ञ लेंथची पद्धत (१९८९) पुरते. चिन्हं वगळलेल्या इफेक्टच्या मध्यकाची दीडपट काढा, तिच्या अडीचपटीहून मोठे इफेक्ट वगळा, उरलेल्यांच्या मध्यकाची पुन्हा दीडपट करा. १५ इफेक्ट असतील तर त्याला २.५७ ने गुणा. निम्मे इफेक्ट सक्रिय असले की ही सीमा फुगते आणि खरे इफेक्टही आत दडतात. तिथे डोळ्यांवर भरवसा ठेवावा. एखादा रन वाया गेला असेल तर मात्र इफेक्ट एकमेकांत गुंततात, हा आलेख तसाच वाचू नये.