‘साउंड फिटेड’ एचओ इंजिन घेताय? आधी हे वाचा

बेळगाव, निपाणी, कोल्हापूर साईडला जे कोण एचओ स्केलची (खऱ्याच्या ८७ पट लहान) मॉडेल रेल्वे इंजिनं सेकंडहँड घेतात किंवा ऑर्डर देऊन बनवून घेतात त्यांनी हे वाचाच, कारण ज्याने आम्हाला फसवलं तो माणूस अजून विकूलालाय.

आमचा लेआउट, म्हणजे मॉडेल रेल्वेचा देखावा, कॅसलरॉक ते दूधसागर घाटाचा. अनगोळात आमच्या माडीवर आहे, मी आणि खानापूरचे एक काका मिळून करतो, काका रेल्वेतून रिटायर झालेले. खऱ्या घाटात चढ १:३७ चा, तेवढा मॉडेलमध्ये ठेवला की थोडे डबे लावले तरी इंजिनाची चाकं जागच्या जागी फिरायला लागतात, म्हणून आम्ही चढ जरा कमी घेतलाय. तरी मागून ढकलायला बँकर पाहिजेच आणि तो हुबळी शेडचा डब्ल्यूडीजी-४ (मालगाडीचं डिझेल इंजिन) च पाहिजे हा काकांचा हट्ट, आणि आवाजासकट पाहिजे.

आता हे इंजिन एचओमध्ये दुकानात जाऊन उचललं असं मिळत नाही. लोक काय करतात, ईएमडी ह्या अमेरिकन कंपनीच्या इंजिनाच्या मॉडेलची सहा ॲक्सलवाली जुनी चासिस घेतात आणि वर थ्रीडी प्रिंट केलेली बॉडी बसवतात, कारण डब्ल्यूडीजी-४ मुळात ईएमडीचंच डिझाइन आहे. गेज म्हणाल तर आपला १६७६ एमएमचा ब्रॉडगेज ८७ ने भागला की १९ च्या वर जातो आणि एचओचा ट्रॅक १६.५ चा, पण तेवढं चालवून घ्यावं लागतं नाहीतर खेळच बंद. म्हणजे सगळं अशा घरी बनवणाऱ्यांवर अवलंबून, आणि त्यातले बहुतेक चांगलेच असतात हेही सांगतो, आमचे दोन वॅगन रेक अशाच एकाने बनवून दिलेत, एक नंबर काम.

हा माणूस व्हॉट्सॲपवर भेटला. बोलायला एकदम जाणकार. ८ पिन सॉकेट, त्यात बसणारा डिकोडर (रुळातून आलेली आज्ञा ऐकून मोटर आणि आवाज चालवणारी चिप), डायनॅमिक ब्रेकचा आवाज, सगळं तोंडपाठ. व्हिडिओ पाठवला, इंजिन हळूच सुटतंय, ईएमडीचा तो घुमणारा आवाज, मग हॉर्न. काकांनी तो व्हिडिओ किती वेळा बघितला असेल देव जाणे. २४ हजार ठरले, अर्धे आगाऊ यूपीआयने. साउंड डिकोडरच दहा-बारा हजारांच्या खाली येत नाही त्यामुळे किंमत पण बरोबर वाटत होती, हे महत्त्वाचं, स्वस्तात देतो म्हणून नाही सापडलो आम्ही. मग डिकोडर कस्टममध्ये अडकलाय म्हणून साडेचार हजार, मग रंग झाला म्हणून उरलेले. पार्सल मात्र आलं. बॉडी बघून तर खूषच झालो, रंगकाम खरंच झ्याक होतं.

लगेच त्याचा मेसेज, "मेन लाईनवर टाका, ॲड्रेस ३, थ्रॉटल फुल करा." इथेच सगळी गोम आहे. काकांचा नियम असा की नवीन इंजिन आधी प्रोग्रॅमिंग ट्रॅकवर, म्हणजे फक्त सेटिंगसाठी वेगळ्या ठेवलेल्या रुळाच्या तुकड्यावर, कारण तिथे करंट कमी असतो, काही चुकीचं असलं तरी जळत नाही. तिथे ठेवून सीव्ही ८, म्हणजे डिकोडरच्या मेमरीतला ८ नंबरचा कप्पा, वाचायला घेतला. त्यात डिकोडर बनवणाऱ्या कंपनीचा नंबर असतो, ईएसयूचा १५१, झिमोचा १४५, डिजिट्रॅक्सचा १२९. आमच्याकडे नुसता एरर. परत केलं, परत एरर. शेवटी बॉडी उघडली.

सॉकेटमध्ये डिकोडर नव्हताच. डमी प्लग, म्हणजे डिकोडरशिवाय साध्या डीसी करंटवर चालवायला लावतात ती छोटी पट्टी. बाजूला जुन्या मोबाईलचा असावा असा स्पीकर ग्लू गनने चिकटवलेला, त्याच्या दोन बारीक वायरी, एक लाल एक काळी, टोकं कापून तशीच मोकळी सोडलेली, सोल्डरचा टिपूस नाही. काका म्हणाले, "अरे, हे विसरलेलं नव्हे गा, हे मुद्दाम बसवलंय." बाहेरून हलवलं की आत काहीतरी आहे असं वाटावं एवढ्यासाठी स्पीकर.

त्याचा डाव आता कळला का बघा. डमी प्लगवालं इंजिन डीसीसीच्या (डिकोडर लागतो त्या डिजिटल कंट्रोलच्या) मेन लाईनवर ठेवलं की मोटर जागेवरच भुणभुण करते आणि तापत जाते, जास्त वेळ राहिली तर जळते पण. मग हा म्हणणार, तुम्ही जाळलं, तुमच्या कमांड स्टेशनमध्ये (रुळात आज्ञा सोडणाऱ्या डब्यात) फॉल्ट आहे. आम्हाला पण तेच म्हणाला! उघडलेला फोटो पाठवल्यावर म्हणतो डिकोडर तुम्ही काढून घेतला. त्यानंतर ब्लॉक.

व्हिडिओ मग हेडफोन लावून ऐकला. हॉर्नच्या मागे बारीक आवाजात चहावाला ओरडतोय. कुठल्यातरी स्टेशनवर खऱ्या इंजिनाचं रेकॉर्डिंग करून वरून चिकटवलेलं. आणि खऱ्या साउंड डिकोडरला नीट सेटिंग असेल तर इंजिनाचा आवाज आधी वाढतो आणि गाडी मागून हलते, ह्याच्या व्हिडिओत गाडी आधी हलते.

१९३० ह्या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला फोन केला, त्यांच्या पोर्टलवर तक्रार टाकली, ठाण्यात पण गेलो. तिथे अर्ज कन्नडमधून शेजारच्या पोराने लिहून दिला, "रेल्वे इंजिनाची खरेदी" वाचून साहेबांनी आधी माझ्याकडे वर-खाली बघितलं, पण घेतला नीट. पैसे जाऊन बरेच दिवस झालेले त्यामुळे खात्यात काही उरलं नव्हतं. १९३० ला पैसे गेल्या गेल्या फोन केला तर पुढे सरकायच्या आधी अडवता येतात, आमचे हप्त्यात गेले आणि पार्सल येईपर्यंत संशय यायला कारणच नव्हतं, तो हप्त्यात घेतो ते पण बहुतेक त्यासाठीच.

ग्रुपवर टाकल्यावर निपाणीच्या एकाने सांगितलं, त्यालाही तोच व्हिडिओ, बॉडीवर नंबर पण तोच. आता आम्ही एकच मागतो, कट न करता एका शॉटमध्ये बॉडी काढून डिकोडर दाखवा आणि लगेच सीव्ही ८ वाचून स्क्रीन दाखवा. चांगल्या माणसाला दोन मिनिटांचं काम आहे, कोण रागावत नाही.

आता तो नवीन नंबरवरून "घाट सेक्शन बँकर जोडी" म्हणून दोन इंजिनं विकूलालाय. फोटोत खाली हिरवी कटिंग मॅट असते, डाव्या कोपऱ्यात सोल्डरिंग गनचा जळका डाग. तो डाग दिसला की पैसे टाकू नका, स्क्रीनशॉट मला पाठवा, तक्रारीला जोडतो.