हाँगकाँगमधील नवी आकर्षणे: एम प्लस, पॅलेस म्युझियम आणि ताय क्वून

हाँगकाँगला पहिल्यांदा निघालेला आपल्याकडचा प्रवासी बहुधा ठरलेली यादी घेऊन जातो. व्हिक्टोरिया पीक, डिस्नेलँड, लांताउ बेटावरची बुद्धाची भव्य मूर्ती आणि रात्रीच्या बाजारातली खरेदी एवढे झाले की सहल पूर्ण झाली असे मानले जाते. या ठिकाणांना माझे काही म्हणणे नाही. मात्र 2018 पासून या शहराने कला, इतिहास आणि आपल्या जुन्या इमारती यांच्याभोवती जे नवे उभे केले, ते या यादीत अजून पोहोचलेले नाही. मी एप्रिल 2023 मध्ये आईला घेऊन गेलो होतो आणि 2025 च्या अखेरीस पुन्हा एकदा तिथे जाऊन आलो. या दोन फेऱ्यांवरून माझे मत असे झाले आहे की चार दिवसांचा मुक्काम असेल, तर त्यातले दोन दिवस या नव्या ठिकाणांसाठी राखून ठेवावेत, आणि त्यातला एक संपूर्ण दिवस एम प्लस या एकट्या दृश्यकला संग्रहालयाला द्यावा.

पहिल्या खेपेला आम्ही एका पर्यटन कंपनीबरोबर गेलो होतो. त्यांच्या कार्यक्रमपत्रिकेत एम प्लसचे नाव ठळक अक्षरांत छापलेले होते, पण प्रत्यक्षात तो इमारतीसमोरचा वीस मिनिटांचा छायाचित्रांचा थांबा निघाला. आईने बत्तीस वर्षे शाळेत चित्रकला शिकवली आहे. बसमध्ये परत चढताना ती एवढेच म्हणाली, "अरे, इतक्या लांब आलो, आत काय आहे ते तरी बघू दे की." दुसऱ्या दिवशीच्या खरेदीच्या फेरीवर आम्ही पाणी सोडले आणि मेट्रोने स्वतःच तिथे गेलो. पुढचे सगळे लिहायला कारण झाला तो हाच दिवस.

एम प्लस ही इमारत हाँगकाँग बेटासमोर, बंदरापलीकडच्या काउलूनमध्ये, वेस्ट काउलून कल्चरल डिस्ट्रिक्ट या सांस्कृतिक परिसरात आहे. समुद्रात भर घालून तयार केलेल्या सुमारे 40 हेक्टर जमिनीवर हा सारा परिसर वसवला आहे. काउलून किंवा ऑस्टिन या मेट्रो स्थानकांवरून चालत जाता येते. वाट बरीच लांब आहे, त्यामुळे वयस्कर माणसे बरोबर असतील तर टॅक्सी करावी. 12 नोव्हेंबर 2021 रोजी खुल्या झालेल्या या संग्रहालयाचा आराखडा हर्झोग आणि द म्युरॉन या स्विस वास्तुविशारद संस्थेचा आहे. आडवा पसरलेला पाया आणि त्यावर उभा केलेला पातळ मनोरा अशी ही रचना लांबून पाहताना उलट्या टी अक्षरासारखी वाटते. भिंतींना गडद हिरव्या झिलईच्या मातीच्या फरश्या बसवल्या आहेत. त्या दुरून जवळजवळ काळ्या दिसतात. जवळ गेल्यावर मात्र ढगाआडून ऊन आले की हिरवा रंग हळूहळू वर येतो, आणि हा बदल पाहत आई प्रवेशद्वाराशीच दहा मिनिटे उभी राहिली.

आत गेल्यावर सर्वप्रथम तळघरातली फाउंड स्पेस नावाची जागा पाहावी, कारण या इमारतीचे मर्म तिथे कळते. विमानतळाकडे जाणाऱ्या रेल्वेचे बोगदे नेमके याच जमिनीखालून जातात. वर एवढी अवजड वास्तू उभी करायची, तर ही मोठी अडचण होती. वास्तुविशारदांनी ती झाकून टाकण्याऐवजी बोगद्यांभोवतीची माती उपसली, वरचा भार प्रचंड पोलादी तुळयांवर तोलला आणि मोकळ्या झालेल्या खोल, ओबडधोबड जागेलाच प्रदर्शनाचे दालन केले. तिथे उभे राहिल्यावर काँक्रीटचे ते तिरके, जाड अंग डोळ्यांसमोर येते आणि आपल्या पायांखालून माणसे विमानतळाकडे चालली आहेत याची जाणीव होते. मोठमोठ्या आकाराच्या कलाकृती इथे मांडतात, पण मला ती जागाच त्यांच्यापेक्षा जास्त लक्षात राहिली.

संग्रहालयात एकूण 33 दालने आहेत. विसाव्या आणि एकविसाव्या शतकातील चित्रे, शिल्पे, वास्तुरेखाटने, खुर्च्या, जाहिराती, चलत्चित्रे असे सर्व प्रकारचे दृश्यविश्व एका छपराखाली आणणे हे या संग्रहालयाचे वैशिष्ट्य होय. संग्रहाचा कणा आहे उली सिग यांचा. सिग हे चीनमधील स्वित्झर्लंडचे माजी राजदूत. समकालीन चिनी कलेकडे फारसे कोणी पाहत नव्हते त्या काळात त्यांनी ती जमवली आणि 2012 मध्ये 1,463 कलाकृती या संग्रहालयाला दान केल्या. चीनमधल्या 1970 च्या दशकापासूनच्या उलथापालथी चित्रकारांनी कशा पाहिल्या, हे इतक्या विस्ताराने एका जागी समजणे दुर्मिळ आहे.

माझ्या मनात घर करून राहिल्या त्या मात्र दोन साध्या वस्तू. पहिली म्हणजे टोकियोतले एक अख्खे सुशीगृह. शिरो कुरामाता या जपानी रचनाकाराने 1988 मध्ये त्याची अंतर्गत सजावट केली होती. ते बंद पडल्यावर संग्रहालयाने भिंती, काउंटर आणि दर्शनी भागासकट सुटे करून हाँगकाँगला आणले व पुन्हा जोडले. एखादे नामवंत चित्र जपावे तितक्या निगुतीने एक खाण्याची जागा जपलेली पाहून, आपल्याकडची कितीतरी जुनी उपाहारगृहे लाकडी कपाटांसकट मोडीत निघाली याची हळहळ वाटल्यावाचून राहिली नाही. दुसरी वस्तू म्हणजे लाकडी दारांची एक जोडी. त्सांग त्सौ-चोई (1921–2007) या गरीब माणसाची अशी ठाम समजूत होती की काउलूनची जमीन आपल्या पूर्वजांची आहे. आयुष्याची जवळजवळ पन्नास वर्षे त्याने रस्त्यातले दिव्याचे खांब, विजेच्या पेट्या आणि भिंती आपल्या वंशावळीच्या अक्षरांनी भरून टाकल्या, पालिकेने ती पुसली आणि त्याने पुन्हा लिहिली. लोक त्याला 'काउलूनचा राजा' म्हणत. त्याच्या अक्षरांनी गच्च भरलेली ही दारे 2003 सालची आहेत. ब्रश जिथे कोरडा पडला तिथे अक्षर फिकट होते, मग पुन्हा शाईत बुडवल्यावर एकदम काळेभोर. ओळी कुठे दाटीवाटीने, तर कुठे कडेला वळून वर चढलेल्या. आई बराच वेळ ती बघत होती. "हात थांबलेला नाही याचा कुठेही," ती म्हणाली. मला चिनी वाचता येत नाही, तरीही त्या दारांपाशी मी बराच वेळ रेंगाळलो. दुसऱ्या भेटीत प्रदर्शन बदललेले होते. दालनांतली मांडणी अधूनमधून बदलते, म्हणून एखादी विशिष्ट कलाकृती पाहायची असल्यास ती सध्या मांडलेली आहे का, हे संकेतस्थळावर आधी तपासावे.

ज्यांना आधुनिक कलेत अजिबात रस नाही, त्यांना इथे पूर्ण दिवस काढणे जड जाईल हे मान्य केले पाहिजे. अशांनी छतावरच्या बागेत बसून बंदर पाहावे आणि मोर्चा शेजारच्या हाँगकाँग पॅलेस म्युझियमकडे वळवावा. जुलै 2022 मध्ये खुले झालेले हे संग्रहालय बीजिंगच्या राजवाडा संग्रहालयाच्या सहकार्याने चालते. उद्घाटनाच्या वेळी तिथून 900 हून अधिक वस्तू उसन्या आणल्या होत्या आणि त्यांपैकी 166 वस्तू चीनमध्ये पहिल्या श्रेणीचा राष्ट्रीय ठेवा मानल्या जातात. रोको यिम यांनी रचलेली ही इमारत तळाशी अरुंद आणि वर रुंद होत जाते. प्राचीन चिनी काशाच्या पात्राचा तो घाट आहे. बीजिंगचा राजवाडा जमिनीवर एकामागून एक चौक मांडत जातो, इथे जमीन कमी म्हणून तेच चौक एकावर एक रचले आहेत आणि प्रत्येकाचे तोंड वेगळ्या दिशेला आहे. वाड्याचे चौक पाहत वाढलेल्या माणसाला ही कल्पना सांगावी लागत नाही. सरकत्या जिन्याने वर जाताना ती आपोआप उलगडते.

आम्ही पाहिलेल्या दालनांपैकी राजवाड्यातील दिनक्रम पहाटेपासून रात्रीपर्यंत क्रमाने मांडणारे दालन सर्वांत सुगम वाटले. चिनी राजघराण्यांची नावे ठाऊक नसलेल्यालाही कपडे, भांडी, पूजेची साधने आणि लेखनसाहित्य पाहून त्या माणसांचे जगणे समजत जाते. चिनी मातीच्या भांड्यांची आवड असेल तर दोन तास कुठे गेले हे कळत नाही. रेशमी वस्त्रे आणि कागदावरची चित्रे प्रकाशाने खराब होतात म्हणून तिथे उजेड मंद ठेवतात व वस्तू आलटूनपालटून मांडतात. चष्मा घरी विसरू नये.

याच परिसराच्या कडेला, ऑस्टिन स्थानकाजवळ, 2019 मध्ये उघडलेले शीचू सेंटर आहे. चिनी संगीतनाट्याला वाहिलेल्या या नाट्यगृहातला 1,073 आसनांचा मुख्य रंगमंच रस्त्याच्या आवाजापासून दूर राहावा म्हणून इमारतीच्या वरच्या भागात नेला आहे. टी हाउस थिएटरमध्ये चहा आणि अल्पोपाहाराबरोबर निवडक प्रवेश सादर होतात. संगीत नाटकांवर प्रेम करणाऱ्यांनी हा प्रयोग अवश्य पाहावा. स्वर अनोळखी असले तरी पदाआधीची ती तयारी आणि टाळी घेण्याची जागा ओळखीची वाटते.

बंदर ओलांडून हाँगकाँग बेटावर आल्यावर ताय क्वून पाहावे. मे 2018 मध्ये खुले झालेले हे संकुल म्हणजे जुने मध्यवर्ती पोलीस ठाणे, न्यायालय आणि व्हिक्टोरिया तुरुंग. स्थानिक लोक या ठाण्याला 'मोठे ठाणे' म्हणत, आणि ताय क्वूनचा अर्थ तोच आहे. सोळा जुन्या इमारती दुरुस्त केल्या आहेत आणि त्यांच्यात दोन नव्या बसवल्या आहेत. नव्या भागाचा आराखडाही हर्झोग आणि द म्युरॉन यांचाच असून त्याच्या भिंती ओतीव ॲल्युमिनियमच्या ठोकळ्यांनी मढवल्या आहेत. एका दिवशी एम प्लस आणि दुसऱ्या दिवशी ताय क्वून असे पाहिले, तर रिकाम्या जमिनीवर बांधणारे हात जुन्या दगडी भिंतीशेजारी किती बेताने वागतात, हे स्पष्ट दिसते.

प्रवेश विनामूल्य असल्याने बरेच जण चौकात कॉफी घेऊन आणि छायाचित्रे काढून परततात. तसे करू नये. तुरुंगाच्या कोठड्यांमध्ये आत जाता येते. काही कोठड्यांच्या भिंतींवर कैद्यांच्या हलत्या सावल्या पाडल्या आहेत. माणूस दिसत नाही, फक्त सावली उठते, फिरते आणि बसते. व्हिएतनामचे नेते हो ची मिन्ह यांना 1931 मध्ये अटक झाल्यावर याच तुरुंगात ठेवले होते. भारतीय वाचकांना आणखी एका कारणासाठी हे ठिकाण जवळचे वाटेल. ब्रिटिश अमलात हाँगकाँगच्या पोलीस दलात शीख शिपाई मोठ्या संख्येने होते आणि या ठाण्याच्या इतिहासात त्यांच्या खुणा आहेत.

ताय क्वूनला जायला 1993 पासून चालू असलेला सुमारे 800 मीटरचा सरकत्या जिन्यांचा मार्ग उत्तम. त्याच्या पायथ्याशी 1939 ची सेंट्रल मार्केटची इमारत 2021 मध्ये नव्याने उघडली आहे, पण तिथे अर्धा तास पुरे. व्हिक्टोरिया पीकवर नेणाऱ्या, 1888 मध्ये सुरू झालेल्या पीक ट्रामला ऑगस्ट 2022 मध्ये सहाव्या पिढीचे डबे मिळाले आणि क्षमता 120 वरून 210 प्रवाशांवर गेली. डबे हिरवे, खिडक्या मोठ्या, चढ तोच. सूर्यास्ताच्या सुमारास सगळे शहर तिथे लोटते म्हणून सकाळी जावे. मार्च 2025 मध्ये उघडलेले काय ताक क्रीडासंकुल 1998 मध्ये बंद झालेल्या जुन्या विमानतळाच्या जागी आहे. तिथले 50,000 आसनांचे मैदान भव्य आहे. सामना किंवा कार्यक्रम नसेल तर मात्र मुद्दाम वाकडी वाट करू नये.

कार्यक्रम आखताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी: एम प्लस सोमवारी बंद असते आणि पॅलेस म्युझियम मंगळवारी. दोन्ही एकत्र पाहायची तर बुधवार ते रविवार यांतला दिवस निवडावा. शुक्रवार सर्वांत चांगला, कारण त्या दिवशी एम प्लस रात्री दहापर्यंत उघडे असते. ऑक्टोबर ते डिसेंबर हवा सुखाची असते. पावसाळ्यात वादळाचा आठ क्रमांकाचा इशारा लागला की संग्रहालये बंद होतात. भारतीय पारपत्रधारकांनी आगाऊ ऑनलाइन नोंदणी केली, तर 14 दिवसांपर्यंतच्या भेटीसाठी व्हिसा लागत नाही.

परतताना मेट्रो टाळून स्टार फेरीने यावे. काही हाँगकाँग डॉलरांत होणारी ही बोटसेवा 1888 मध्ये दोराबजी नौरोजी या मुंबईहून गेलेल्या पारशी गृहस्थांनी सुरू केली. बोटीतले लाकडी बाक असे आहेत की पाठीची फळी उचलून उलट बाजूला टाकली की बसण्याची दिशा बदलते. दोन्ही संग्रहालये पाहून झाल्यावर आम्ही हाँगकाँग बेटावरच्या सेंट्रल धक्क्याकडे निघालो, तेव्हा अंधार पडला होता आणि मागे एम प्लसच्या मनोऱ्यावरचा सुमारे 110 मीटर रुंदीचा दिव्यांचा पडदा उजळला होता. सगळे प्रवासी पुढच्या उंच इमारतींकडे तोंड करून बसले होते. आईने उठून आमच्या बाकाची फळी उलटी केली आणि धक्का येईपर्यंत ती काउलूनकडेच पाहत बसली.