बारा, वीस, छत्तीस: पन्नासच्या लेन्ससाठी एक्सटेन्शन ट्यूब

बॅगेत 50 एमएमची लेन्स असेल, तर मॅक्रो लेन्सवर (छोट्या वस्तू अगदी जवळून मोठ्या टिपणारी लेन्स) पैसे घालण्याआधी एक्सटेन्शन ट्यूबचा संच घ्यावा. मात्र पिनांचाच घ्यावा, म्हणजे कॅमेरा आणि लेन्समध्ये विजेची जोडणी करणाऱ्या धातूच्या पिना असलेला. कॅननच्या ईएफ माउंटसाठी (लेन्स बसवायचा सांधा) 12, 20 आणि 36 मिलिमीटरच्या तीन रिंगांचा संच वेगवेगळ्या नावांनी मिळतो, त्याबद्दल हे लिहितोय.

या रिंगांच्या आत काच नसते. रिंग लेन्सला सेन्सरपासून पुढे ढकलते, एवढंच तिचं काम. लेन्स पुढे गेली की जवळची वस्तू मोठी दिसते. काच नसल्यामुळे लेन्सची मूळ धार टिकते. लेन्सपुढे लावायच्या स्वस्त क्लोजअप फिल्टरने कडेला रंगीत झालर येते, तशी इथे येत नाही.

हिशेब सोपा आहे. रिंगची जाडी भागिले फोकल लेंथ, अधिक लेन्सचं स्वतःचं मॅग्निफिकेशन, म्हणजे वस्तू सेन्सरवर खऱ्या आकाराच्या किती पट उमटते ते. कॅननच्या 50 एमएम एफ/1.8 एसटीएमचं स्वतःचं 0.21 आहे. म्हणजे 12 च्या रिंगने साधारण 0.45, 20 ने 0.61 आणि 36 ने 0.93 पर्यंत जाता येतं. रिंग लावली की लांबचं काहीच फोकस होत नाही, हेही लक्षात असू द्या.

आपल्या भागातल्या लोकांना हा संच घ्या असं ठामपणे सांगावंसं वाटतं ते 20 च्या रिंगमुळे. बेळगाव, निपाणी, खानापूरकडच्या किती घरांत लग्नाबारशाच्या निगेटिव्हच्या पट्ट्या ट्रंकेत पडून आहेत. 35 एमएम निगेटिव्हची चौकट 36 बाय 24 मिलिमीटरची असते. कॅननच्या एपीएस-सी सेन्सरवर (साध्या कॅमेऱ्यांतला लहान सेन्सर) 0.61 ने टिपलेली जागा 36.6 बाय 24.4 मिलिमीटर भरते. पूर्ण चौकट बसते आणि कडेला केसभर जागा उरते. यापेक्षा चांगला मेळ शोधून सापडणार नाही.

खालून उजेडासाठी ट्रेसिंगचं एलईडी पॅड घ्या. टॅबलेटच्या पांढऱ्या स्क्रीनवरही भागतं, पण पट्टी थेट स्क्रीनवर ठेवली तर पिक्सेलची जाळी फोटोत उतरते. मध्ये दुधी ॲक्रिलिकचा तुकडा घालून पट्टी चार-पाच सेंटीमीटर वर उचला. काळ्या पुठ्ठ्यात 38 बाय 26 ची खिडकी कापून पट्टी त्याखाली सरकवा; चौकटीबाहेरचा उजेड झाकणं फार महत्त्वाचं आहे, कारण पुढे सांगतो. कॅमेरा खाली तोंड करून ट्रायपॉडवर लावा. तो समांतर आहे का हे तपासायला पट्टीच्या जागी छोटा आरसा ठेवून व्ह्यूफाइंडरमधून बघा. लेन्सचं प्रतिबिंब बरोबर मधोमध आलं की समांतर. लेव्हल-बबलपेक्षा याचा भरवसा जास्त.

अपर्चर (लेन्समधलं उजेडाचं भोक) एफ/8, आयएसओ 100, रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली फाइल), दोन सेकंदांचा टायमर. फोकस हातानेच करा. रिंग असताना ऑटोफोकस पुढेमागे चाचपडत राहतो. एक्सपोजर एकदा ठरवलं की पूर्ण रोलला तेच. आणि प्रत्येक रोलसाठी एक जादा फोटो घ्या: पट्टी थोडी सरकवून दोन चौकटींमधली कोरी नारिंगी फट टिपा. डार्कटेबल या मोफत सॉफ्टवेअरमध्ये 3.2 आवृत्तीपासून निगेटिव्ह उलटी करून सरळ फोटो बनवणारं नेगाडॉक्टर नावाचं मॉड्यूल आहे. त्याला आधी फिल्मच्या बेसचा रंग दाखवावा लागतो. तो या फटीवरून उचला आणि तेच सेटिंग बाकीच्या फोटोंवर चिकटवा. चेहरे निळसर किंवा हिरवट दिसतात त्याचं बहुतेक वेळा कारण हेच, की बेसचा रंग फोटोच्या आतून उचललेला असतो. स्टुडिओतल्या जुन्या 6 बाय 6 सेंटीमीटरच्या निगेटिव्ह असतील तर 12 ची रिंग लावा. तिथे 0.26 पुरतं.

आता दोष. या संचाची प्लास्टिकची नळी आतून चकचकीत असते. पाठून उजेड आला की तो आतल्या भिंतीवरून उसळतो आणि फोटोच्या मधोमध धुरकट पांढरा ठिपका पडतो. निगेटिव्ह उलटी केल्यावर तोच काळपट डाग होऊन बरोबर नवरीच्या तोंडावर बसतो. पुठ्ठ्याची खिडकी त्यासाठीच. शिवाय नळीत मॅट काळ्या कागदाची पट्टी गोल बसवा, पिनांना न लागेल अशी. मखमल लावू नका, तिचे तंतू सेन्सरवर जातात.

पावसाळ्यात खानापूर तालुक्यातल्या जांबोटी-कणकुंबीकडे दवबिंदू, सीतेची आसवं (छोटी जांभळी रानफुलं), अळिंबी टिपायला 36 ची रिंग काढावी. विषय लेन्सच्या तोंडापासून सात-आठ सेंटीमीटरवर येतो. एफ/8 ला स्पष्टतेची खोली जेमतेम पाऊण मिलिमीटर, आणि जवळजवळ दोन स्टॉप उजेड जातो (एका स्टॉपला उजेड निम्मा होतो). म्हणून फ्लॅश हवाच. फ्लॅशची ताकद मॅन्युअल 1/8, शटर 1/200, आयएसओ 400 पासून सुरुवात करा. कॅमेऱ्यावरच्या छोट्या फ्लॅशपुढे लेन्सची सावली पडते. पॅकिंगचा पांढरा फोम वाकवून लेन्सवर छत केलं की ती जाते. फोकसची रिंग फिरवू नका, स्वतः पुढेमागे डुला. भीमगड अभयारण्यात मात्र वनखात्याच्या परवानगीशिवाय शिरू नये.

18-55 किट लेन्सवर फक्त 12 ची रिंग, तीही 55 ला. 18 ला विषय काचेला टेकतो. प्लास्टिकच्या माउंटवर जड झूम लोंबकळत ठेवू नका, सांधा ढिला होतो.

बिनपिनांच्या रिंगा कितीतरी स्वस्त असतात, पण ईएफ लेन्सचं अपर्चर विजेवर चालतं. पिना नसतील तर लेन्स एफ/1.8 ला सताड उघडी राहते आणि स्पष्ट भाग साधारण 0.15 मिलिमीटरचा उरतो. डेप्थ ऑफ फील्डचं बटण दाबून धरून लेन्स काढली तर अपर्चर मिटलेलं राहतं, ही युक्ती चालते. पण प्रत्येक बदलाला लेन्स काढायची म्हणजे पावसात सेन्सर उघडा टाकणं.

दुकानातच तिन्ही रिंगा एकावर एक लावून बघा. अपर्चरच्या जागी 00 दिसलं किंवा एरर 01 आला तर पिना नीट टेकत नाहीत, संच बदलून मागा. पिना दाबून बघा, सगळ्या सारख्याच उसळी घेऊन वर आल्या पाहिजेत.