क्रॅकर की साधे बिस्किट? काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

गेले काही महिने मी सोडा क्रॅकर, क्रीम क्रॅकर, वॉटर बिस्किट आणि मारी असे चार प्रकार आलटून-पालटून वापरत आहे. अगोड तो क्रॅकर आणि गोड ते बिस्किट, ही रूढ विभागणी मला अपुरी वाटते. खरा फरक मोडलेल्या कडेवर दिसतो.

सोडा क्रॅकर मोडला की आत पापुद्रे दिसतात. त्याचे पीठ यीस्ट घालून बरेच तास आंबवतात, मग खाण्याच्या सोड्याने त्याचा आंबटपणा मारतात आणि घड्या घालून पुन्हा लाटतात. क्रीम क्रॅकरच्या घड्यांमध्ये तर मैदा, स्निग्ध पदार्थ आणि मीठ यांचा कोरडा साटा पसरलेला असतो, त्यामुळे भट्टीच्या आचेत तयार होणारी वाफ थर सहज सुटे करते आणि तो अधिक खुसखुशीत होतो. (१८८५ साली डब्लिनमध्ये बाजारात आलेल्या या पदार्थात क्रीम मात्र नसते.) पृष्ठभागावरची भोके जास्तीची वाफ बाहेर सोडून फुगवटा आवरतात, भोके मारीलाही असतात, त्यामुळे केवळ त्यांवरून प्रकार ओळखता येत नाही. मारीच्या पिठात साखर आणि मोहन असते, ते आंबवलेले नसते, आणि तिची मोड सर्वत्र एकसारखी, घट्ट दिसते.

वापरताना हा फरक लगेच जाणवतो. क्रीम क्रॅकरवर घट्ट चीज दाबून पसरले, तर तो थरांवरूनच तुटतो आणि ताटलीत चुरा पडतो. वॉटर बिस्किट मुख्यतः पीठ आणि पाण्याचे, जवळजवळ बिनमोहनाचे असल्याने टणक राहते आणि चीजची चवही झाकत नाही, म्हणून या कामासाठी मी तेच निवडतो. सुपात कुस्करण्यासाठी सोडा क्रॅकर उत्तम, तर चहात बुडवायला मारीच बरी, कारण खारट चहा मला तरी सोसवत नाही.

क्रॅकर गोड नाही म्हणून तो हलका समजू नये: मीठ आणि स्निग्धांश यांचे दर १०० ग्रॅममधील प्रमाण वेष्टनावर पाहावे, कारण एकाच नावाच्या दोन उत्पादनांतही ते बरेच वेगळे असते. पुडा उघडल्यावर चारही प्रकार सादळतात. सादळलेले क्रॅकर मंद आचेच्या ओव्हनमध्ये काही मिनिटे ठेवून, पूर्ण गार झाल्यावरच हवाबंद डब्यात भरले, तर पुन्हा कुरकुरीत होतात.