माचू पिचू: रेल्वेने की इंका ट्रेलने?

पेरूला जायचं ठरलं, पण माचू पिचू या इंकांच्या प्राचीन डोंगरी शहराला चालत, म्हणजे इंका ट्रेल या त्यांच्या जुन्या पायवाटेने जावं, की रेल्वेने, यावर मैत्रिणीचं घोडं अडलंय.

खर्चात रेल्वे हलकी, तरी तिकीट किरकोळ नाही. ओलांतायतांबो गावाहून साधारण दोन तासांत पायथ्याचं गाव येतं. ट्रेलला चार दिवस, सुमारे ४२ किलोमीटर आणि मध्ये ४,२१५ मीटरवरची खिंड. तिथे भल्याभल्यांचा दम निघतो. परवाने हमाल धरून रोज ५०० जणांनाच, तेही अधिकृत संस्थेमार्फतच. फेब्रुवारीत वाट बंद. पण वाटेवरच्या विन्याय वायना या इंका वस्तीचे अवशेष चालणाऱ्यांनाच भेटतात, आणि माझ्या मते तेवढ्यासाठी पाय दुखवून घ्यावेत.

विरळ हवा कुणालाच चुकत नाही, जिथून बहुतेक जण निघतात ते कुस्को शहरच ३,४०० मीटरवर आहे.

रजा कमी किंवा आईबाबा सोबत असतील तर रेल्वे. गुडघे धड असतील, परवाना आधीच हाती असेल तर ट्रेल.