लिनक्ससाठी ग्राफिक्स कार्ड: खुला ड्रायव्हर की कंपनीचा?

विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ च्या अटींत न बसणाऱ्या कितीतरी धडधाकट मशीनवर आता मिंट किंवा उबुंटू हे लिनक्सचे प्रकार चढतायत. एनव्हिडियाचं कार्ड असेल तर ड्रायव्हर मॅनेजर उघडल्यावर दोन-तीन पर्याय दिसतात: कंपनीचा बंदिस्त (सोर्स कोड बाहेर न दाखवणारा) ड्रायव्हर, बहुतेकदा नावाच्या शेवटी 'ओपन' असलेला एक, आणि कंपनीबाहेरच्या लोकांनी लिहिलेला खुला 'नूवो'. नवं मशीन घेणाऱ्यापुढे प्रश्न त्याच्याही आधी येतो: कार्ड कोणाचं घ्यायचं?

माझं मत आधीच सांगून टाकते. एनव्हिडियाच्या कूडावर (ग्राफिक्स कार्डावर आकडेमोड चालवणाऱ्या तिच्या प्रणालीवर) तुमचं काम अवलंबून नसेल, तर एएमडी किंवा इंटेल घ्या. कूडावर पोट असेल तर एनव्हिडिया घ्या, पण त्या ड्रायव्हरचं आयुष्य कंपनी ठरवणार, हे धरून चाला.

रोजच्या वापरात फरक पडतो तो अपडेटच्या दिवशी. एएमडी आणि इंटेलच्या ड्रायव्हरचा एक भाग लिनक्सच्या कर्नेलमध्येच, म्हणजे त्याच्या गाभ्यातच असतो, उरलेला मेसा या खुल्या प्रकल्पात. कर्नेल बदललं की ड्रायव्हर त्याच्यासोबतच येतो, वेगळं काही इन्स्टॉल करावं लागत नाही. एनव्हिडियाचं मॉड्यूल, म्हणजे ड्रायव्हरचा कर्नेलला जोडला जाणारा भाग, कर्नेलच्या बाहेरचं, त्यामुळे प्रत्येक नव्या कर्नेलसाठी ते पुन्हा बांधावं लागतं. हे काम आपोआप होतं आणि बहुतेक वेळा सुरळीत होतं. कर्नेल फारच नवं असेल आणि मॉड्यूल बांधलं गेलं नाही, तर मात्र लॉगिनच्या जागी काळा पडदा दिसतो आणि जुनं कर्नेल निवडून आत शिरावं लागतं.

त्यात सिक्युअर बूट (सही नसलेलं सॉफ्टवेअर लोड होऊ न देणारी सोय) चालू असेल तर आणखी एक पायरी. इन्स्टॉल करताना एक पासवर्ड ठरवायला सांगतात. रिस्टार्ट केल्यावर निळा पडदा येतो आणि दहा सेकंदांची उलटी मोजणी सुरू होते. तेवढ्यात एखादी की दाबून 'एनरोल मोक' (ही सही ओळखीची म्हणून नोंदवा) निवडायचं आणि तोच पासवर्ड द्यायचा. चहा आणायला उठलात तर मोजणी संपते, मशीन नेहमीसारखं सुरू होतं, पण ड्रायव्हर लोडच होत नाही. उबुंटू स्वतः सही केलेली मॉड्यूल देतं, ती वापरली तर ही कटकट वाचते.

खरा निकाल लागतो तो कार्ड जुनं झाल्यावर. जीटीएक्स १०५० टीआय आणि १०६० ही २०१६ मधली कार्डं, आपल्याकडे आजही सेकंडहँड बाजारात हातोहात जातात. एनव्हिडियाची ५८० ही त्यांना चालवणारी शेवटची ड्रायव्हर मालिका. पुढच्या मालिकांतून त्यांना वगळलं आहे. त्याआधीच्या जीटीएक्स ६०० आणि बहुतेक ७०० मालिकेचा सपोर्ट तर २०२४ मध्येच संपला. कार्डात बिघाड नसतो, फक्त सोर्स कोड कंपनीच्या कपाटात असतो आणि बाहेरच्या कुणाला तो दुरुस्त करता येत नाही. याउलट एएमडीची २०१२ ची रेडिऑन एचडी ७००० मालिका पाहा. कर्नेल ६.१९ मध्ये ती नव्या एएमडीजीपीयू ड्रायव्हरवर आली, आणि ते काम केलं व्हॉल्व्ह या गेम कंपनीसाठी काम करणाऱ्या डेव्हलपरने. कोड सगळ्यांसमोर असला की ज्याला गरज असेल तो पुढे येऊन काम करू शकतो. माझ्या लेखी या तुलनेत सगळ्यात वजनदार मुद्दा हाच.

मग जुन्या एनव्हिडिया कार्डांना नूवो का नाही? कारण तो कंपनीच्या मदतीशिवाय, हार्डवेअरचं वागणं तपासून तपासून लिहिलेला ड्रायव्हर आहे. जीटीएक्स ९०० मालिकेपासून एनव्हिडियाने स्वतःची सही असलेलं फर्मवेअर (कार्डाच्या आत चालणारं सॉफ्टवेअर) सक्तीचं केलं, त्यामुळे ९०० आणि १० मालिकेत नूवोला कार्डाचा वेग वाढवताच येत नाही. ब्राउझर, मराठी टायपिंग, हिशेबाच्या शीट एवढंच काम असेल तर चालून जाईल. गेम खेळायचे असतील तर तो पर्याय धरूच नका.

'ओपन' या शब्दाने मात्र फसू नका. मे २०२२ मध्ये एनव्हिडियाने आपल्या ड्रायव्हरचा फक्त कर्नेलमधला भाग खुला केला. ओपनजीएल आणि व्हल्कन हे चित्रं नि गेम दाखवणारे भाग, शिवाय कूडा, हे सगळं अजून बंदिस्तच आहे. हा पर्याय जीटीएक्स १६ आणि आरटीएक्स २० पासून पुढे चालतो, आरटीएक्स ५० ला तर तोच लागतो. जीटीएक्स १० वर तो टाकलात तर कार्ड चालणार नाही. एएमडीचंही सगळं खुलं आहे असं नाही, कार्डावर चढणारं फर्मवेअर तिथेही बंदिस्तच असतं.

कंपनीच्या ड्रायव्हरची बाजू भक्कम आहे ती कामाच्या सॉफ्टवेअरमध्ये. कूडा २००७ पासून आहे आणि मशीन लर्निंगची बहुतेक साधनं आधी तिच्यासाठी लिहिली जातात. एएमडीची तशीच प्रणाली आरओसीएम सुधारते आहे, पण तिच्या अधिकृत यादीत घरगुती कार्डं मोजकीच. इंजिनिअरिंगला असलेल्या मुलीला प्रोजेक्टसाठी मॉडेल ट्रेन करायची असतील, तर तिला एएमडी घेऊन देणं म्हणजे तिचा वेळ खर्ची घालणं. ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये रेंडरिंग करणाऱ्यालाही मी एनव्हिडियाच सुचवेन.

खुल्या ड्रायव्हरची एक अडचण मला फार खटकते. एएमडीने एचडीएमआय २.१ साठीचा खुला कोड लिहून तयार केला होता, पण २०२४ मध्ये हे मानक ठरवणाऱ्या एचडीएमआय फोरमने तो प्रसिद्ध करायला नकार दिला. म्हणून लिनक्सवरून मोठ्या टीव्हीवर फोर-के १२० हर्ट्झ पूर्ण रंगांत हवं असेल तर एएमडीचं घोडं तिथे अडतं. डिस्प्लेपोर्टच्या मॉनिटरला ही अडचण नाही.

प्रिंटर हा खरं तर वेगळा विषय, पण विंडोज सोडताना आपल्याकडची बरीच ऑफिसं इथेच अडतात. कॅननचा एलबीपी २९०० कंपनीच्या बंदिस्त ड्रायव्हरवर चालतो आणि नव्या लिनक्सवर तो बसवताना घाम फुटतो. एचपीचा एचपीलिप हा ड्रायव्हर खुला आहे, तरी लेझरजेट १०२० सारख्या काही मॉडेलना वरून बंदिस्त प्लगइन लागतंच. नवा प्रिंटर घेणार असाल तर ड्रायव्हरशिवाय चालणारा, आयपीपी एव्हरीव्हेअर असलेला घ्या.

सेकंडहँड लॅपटॉप घेताना लाइव्ह पेनड्राइव्ह (इन्स्टॉल न करता लिनक्स चालवणारा) सोबत न्या आणि पैसे देण्याआधी त्यावरून लिनक्स सुरू करून बघा. टर्मिनलमध्ये एलएसपीसीआय आणि पुढे डॅश-के (lspci -k) लिहिलं की प्रत्येक भागाखाली 'कर्नेल ड्रायव्हर इन यूज' अशी ओळ येते. वायफायच्या भागाखाली ती ओळच नसेल, तर ड्रायव्हर बाहेरून आणावा लागणार, तेव्हा भाव ठरवताना तेही धरा. मग झाकण मिटून परत उघडा आणि पडदा, आवाज, वायफाय तिन्ही जागे होतात का ते पाहा.