आरएक्स हंड्रेड रिस्टोरला दिली आणि ब्लॉकच बदलून आला

लिहू का नको करत दोन महिने गेले, कारण यात माझाच बावळटपणा जास्त आहे. पण परवा ऑफिसमधला एक पोरगा म्हणाला मामाची आरएक्स मिळालीय, रिस्टोरला देतोय, आणि माझ्या पोटात गोळाच आला.

गाडी आण्णांची. यामाहाची मोटरसायकल, आरएक्स हंड्रेड, १९९३ ची, पीकॉक ब्लू. ह्या गाड्या १९८५ ते १९९६ एवढीच वर्षं निघाल्या, त्यामुळे ओरिजिनल पार्टला आता सोन्याचा भाव. हे मला तेव्हा कुठं माहीत, मला फक्त तिचा आवाज माहीत. आण्णा कारखान्यावरून घरी यायचे तेव्हा गल्लीच्या तोंडाला आवाज आला की आई चहाचं आधण ठेवायची. २०११ ला त्यांनी स्कूटर घेतली आणि ही गेली तासगावच्या घरामागं शेडमध्ये, वर कडब्याच्या पेंढ्या.

लॉकडाऊननंतर मला किडा चावला. व्हिडिओ बघून बघून टाकी, सीट, मडगार्ड मीच खोललं, नट-बोल्ट सगळे श्रीखंडाच्या डब्यात, कुठला कुठला ते लिहून ठेवायचं सुचलंच नाही. इंजिनला मात्र हात लावायचं धाडस होईना. मग रीलवर एक गॅरेजवाला सापडला, पुण्याच्या बाहेरच्या अंगाला. जुन्या गाड्या चकाचक करून स्लो मोशनमध्ये फिरवायचा. मी फिदा.

पहिल्याच दिवशी त्यानं माझ्यासमोर हेड, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, काढलं. टू-स्ट्रोकचं हेड म्हणजे चार नट, दहा मिनिटांचं काम. आत बोट फिरवलं आणि म्हणाला, "दादा, व्हर्जिन इंजिन आहे, स्टँडर्ड पिस्टन. कुणाचा हातच लागला नाही." मी थँक्यू म्हणालो. खरंच म्हणालो. मागच्या बाजूला काम करणाऱ्या पोरानं मान वर करून बघितलं होतं, ते आता आठवतंय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. पिस्टन ज्यात वर-खाली होतो तो ब्लॉक, आणि त्याच्या आतल्या भोकाची रुंदी म्हणजे बोअर. ह्या गाडीचा बोअर स्टँडर्डला ५० मिलिमीटर. झिजला की लेथवर बोअर मारून मोठा पिस्टन घालतात, २५ नंबर म्हणजे पाव मिलिमीटर जास्त, मग ५०, ७५, १००. शंभर झालं की संपलं, पुढं लाईनर, म्हणजे ब्लॉकच्या आत नवी नळी, बसवा नाहीतर दुसरा ब्लॉक शोधा. म्हणजे स्टँडर्ड ब्लॉकला अजून चार आयुष्यं शिल्लक असतात. माझ्याकडं ती चारही होती.

पाच महिने लागले. वीस हजार ॲडव्हान्स, मग दर पंधरा दिवसांनी क्रोम, पावडर कोटिंग, स्पोक असं काहीतरी निघायचं. फोटो यायचे ते टाकीचे, रिमचे. इंजिनचा फोटो मागितला की "दादा लेथवर आहे". शेवटी ७८ हजार झाले. बिल साध्या कागदावर, त्यात लिहिलेलं: बोअर, पिस्टन २५, कनेक्टिंग रॉड, बेअरिंग, ऑइल सील. आरसी संपलेली होती म्हणून टेंपोत घालून गावाला नेली.

आण्णा बाहेर आले, गाडीभोवती एक चक्कर मारली, मग इंजिनाजवळ उकिडवे बसले. ब्लॉकच्या उजव्या अंगाची एक फिन, म्हणजे इंजिन गार ठेवणारं बाहेरचं पातं, तुटलेली होती, खूप वर्षांपूर्वी उसाच्या ट्रॅक्टरला चुकवताना पडले होते तेव्हाची, आणि तुटलेली कड हाताला लागू नये म्हणून त्यांनी कानशीनं घासून गोल केलेली. आता तिथं सगळ्या फिना सरळ, वर काळा मॅट पेंट.

"आरं, हितली तुटल्याली न्हवं का?"

मी काय म्हणावं? "आण्णा, रिस्टोर केलंय. सगळं नव्यासारखं करून देतात."

ते काही बोलले नाहीत. आपला पोरगा पुण्यात इंजिनिअर आहे, त्याला जास्त कळत असणार.

पुढं सांगलीला आरटीओ पासिंग झालं, पर्यावरण कर भरला, पेन्सिल फिरवून चासी आणि इंजिन नंबरचा ठसा घेतला, दोन्ही जुळले. मी निश्चिंत. आणि इथंच खरी मेख आहे. इंजिन नंबर असतो तो क्रँककेसवर, खालच्या भागावर. वर बसलेल्या ब्लॉकवर तुमच्या गाडीचा नंबर नसतो, हेडवर नसतो, कार्बोरेटरवर नसतो. एवढं सगळं बदललं तरी आरसी बरोबरच राहते. माझा ओरिजिनल मिकुनी कार्बोरेटरपण गेला होता, त्याजागी बिननावाचा चकचकीत माल.

सातशे किलोमीटर झाले आणि गार असताना टकटक यायला लागली. किक हातानं दाबली तरी खाली जायची. विट्याकडं डबलसीट जाताना चढाला सेकंडवर यायची वेळ. गॅरेजवाला म्हणे "रनिंगमध्ये आहे दादा, बसेल". शेवटी सांगलीत एका वस्तादांकडं नेली, वय सत्तरच्या पुढं. त्यांनी हेड काढलं, पिस्टन वर आणला, रॉकेलच्या फडक्यानं काजळी पुसली आणि मला म्हणाले, "वाच." पिस्टनच्या डोक्यावर बाणाशेजारी पंच केलेलं, १००. पिस्टनपण नवा नव्हता. कुणाच्या तरी संपलेल्या इंजिनाचा ब्लॉक-पिस्टन धुऊन, रंगवून मला बसवला होता आणि वर २५ नंबरचे पैसे घेतले होते.

मग कोल्हापूरला उद्यमनगरात लाईनर बसवून परत स्टँडर्ड ५० मिलिमीटरचा बोअर करून घेतला. तो खर्च वेगळा.

तर द्यायचीच असेल गाडी तर देण्याआधी ब्लॉकचे चारी बाजूंनी फोटो काढा, फिनांसकट, कार्बोरेटरवरचं नाव दिसेल असा एक, तारखेसकट. ब्लॉकच्या खालच्या कडेला, जिथं कुणाचं लक्ष जात नाही तिथं, पंचनं बारीक खूण करा. हेड उघडल्यावर पिस्टनवरचा आकडा स्वतः वाचा आणि त्याच क्षणी फोटो काढा, गाडी परत घेतानापण तेच, लाजू नका. काढलेले जुने पार्ट पोत्यात भरून परत मागा. जो म्हणतो "जुनं काय करणार दादा, भंगार आहे", त्याच्याकडून तर नक्की मागा.

गॅरेजवाल्याशी भांडायला गेलो होतो. तो शांत. म्हणाला ब्लॉक तुमचाच आहे, फिन मी वेल्ड केली, "वेल्डिंगचे पैसे तर मी लावलेच नाहीत दादा." वस्तादांनी तिथला पेंट खरवडून बघितला होता, वेल्डिंगचा डागसुद्धा नाही. पण आधीचा फोटो दाखवा म्हणाला, आणि माझ्याकडं नव्हता. ग्राहक हेल्पलाईनला १९१५ वर फोन करून तक्रार नोंदवलीय, पण तिथंही पहिला प्रश्न तोच, पुरावा काय.

मग आईला फोन केला, म्हटलं जुने अल्बम काढ. तिनं सगळे उलथेपालथे केले, एकच फोटो मिळाला. २००६ चा, खंडेनवमीचा, अंगणात गाडी धुऊन पुसून उभी, हळदकुंकू, हँडलला ऊस बांधलेला, आणि नेमकी उजवीच बाजू. फक्त झेंडूचा हार बरोबर ब्लॉकवर आलेला, फिन त्याच्या मागं.

आई म्हणाली, "हार तुझ्या आण्णांनीच ओढून तिथं घेतला होता की. तुटलेलं फोटोत दिसू नये म्हणून."